क्रीट, मे १९४१ : शत्रूचा बेत हाती असूनही

२० मे १९४१ च्या सकाळी जर्मन छत्रीधारी सैनिक ग्रीसच्या क्रीट बेटावर उतरू लागले, तेव्हा बेटावरच्या सेनापतींना ते येणार हे ठाऊक होतं. ब्लेचली पार्क या ब्रिटिश संकेतभेद केंद्रात जर्मन हवाई दलाचे 'एनिग्मा' या सांकेतिक यंत्रावरचे संदेश उलगडले जात होते. मालेमे, रेथिम्नो आणि इराक्लिओ इथल्या धावपट्ट्यांवर डोळा आहे, हल्ला १७ मेवरून पुढे ढकलला गेला आहे, हे सगळं बेटाच्या बचावाचे प्रमुख, न्यूझीलंडचे जनरल बर्नार्ड फ्रेबर्ग यांच्यापर्यंत पोचलं होतं.

जर्मन हेरखातं मात्र अंधारात होतं. बेटावर जेमतेम ५ हजार शिबंदी असेल असा त्यांचा हिशेब, प्रत्यक्षात ग्रीक धरून ४० हजारांच्या वर सैनिक. पहिल्या दिवशी त्याची भयंकर किंमत मोजावी लागली. छत्रीधाऱ्यांच्या रायफली वेगळ्या पेट्यांतून टाकल्या जात. पेटीपर्यंत पोचण्याआधीच शेकडो जण ऑलिव्हच्या बागांत मारले गेले. गावकरीही हाती लागेल ते घेऊन लढले. त्याचा सूड पुढे कोंडोमारी आणि कांदानोस या गावांवर उगवला गेला, हे विसरता येत नाही.

मग बेट पडलं कसं? उलगडलेल्या संदेशांच्या गोषवाऱ्यात हवाई हल्ल्याबरोबर समुद्रमार्गे येणाऱ्या सुमारे १० हजार सैनिकांचाही उल्लेख होता. वास्तविक तो ताफा दुय्यम होता. फ्रेबर्ग यांनी मात्र मोठं सैन्य किनाऱ्यासाठी राखून ठेवलं. २० तारखेच्या रात्री मालेमेलगतची १०७ क्रमांकाची टेकडी संपर्क तुटल्यामुळे सोडली गेली. दुसऱ्या दिवशी त्या धावपट्टीवर तोफांच्या माऱ्यातही जर्मन विमानं पहाडी सैनिक उतरवू लागली. प्रतिहल्ला निघाला तो २२ मेच्या पहाटे, कारण एका बटालियनला जागा सोडण्याआधी बदली तुकडीची वाट पाहावी लागली. जर्मन ताफा ब्रिटिश नौदलाने २१ च्या रात्रीच समुद्रात उधळून लावला होता. १ जूनला बेट गेलं.

इतकं नुकसान पाहून हिटलरने असे मोठे छत्रीधारी हल्ले पुन्हा करायचे नाहीत असं ठरवलं. दोस्त राष्ट्रांनी उलट आपली छत्रीधारी दळं वाढवली.

'अल्ट्रा'चं, म्हणजे या उलगडलेल्या संदेशांचं, गुपित १९७४ मध्ये खुलं झालं. फ्रेबर्ग १९६३ मध्येच वारले होते. माहितीचा उगम शत्रूला कळू नये म्हणून मालेमेला जादा सैन्य हलवण्याची त्यांना मनाई होती, असं त्यांच्या मुलाने पुढे मांडलं. अनेक इतिहासकारांना ते पटत नाही. मलाही समुद्राच्या धास्तीचा खुलासाच अधिक पटतो, कारण २१ तारखेच्या रात्रीही फ्रेबर्ग यांचं लक्ष किनाऱ्याकडेच होतं.