इचिकावा दान्जुरो (नामपरंपरा)

इचिकावा दान्जुरो : जपानच्या काबुकी रंगभूमीवरील सर्वांत मानाचे वंशपरंपरागत रंगनाम. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात एदो (आजचे तोक्यो) येथील एका तरुण नटाने ते प्रथम गाजवले आणि आजवर तेरा जणांना ते लाभले. या घराण्याचे कुलनाम होरिकोशी. नाट्यगृहात मात्र प्रेक्षक त्यांना ‘नारिताया’ या घराण्याच्या नावाने पुकारतात. एकात एक बसवलेली तीन चौकोनी मापे, म्हणजे मिमासु, हे त्यांचे चिन्ह. काबुकीत नाव, भूमिका, चिन्ह, पोशाखाचा रंग हे सारे वारशाने येते. पण दान्जुरोच्या गादीइतके ओझे दुसऱ्या कुठल्या नावाला क्वचितच असेल.

पहिले दान्जुरो (१६६०–१७०४) १६७३ मध्ये रंगमंचावर आले. लाल रंगवलेला चेहरा, धडाक्याची हालचाल आणि परमोच्च क्षणी डोळे रोखून घेतलेली स्तब्ध मुद्रा (मिए) ही ‘आरागोतो’ शैलीची लक्षणे परंपरेने त्यांच्याशी जोडली आहेत. क्योतो-ओसाकाकडे त्याच काळात हळुवार प्रणयनायकाची ‘वागोतो’ शैली बहरत होती. योद्ध्यांच्या एदो शहराला भावला तो आरागोतोचा दांडगा, अन्याय मोडणारा नायक. दान्जुरो स्वतः नाटकेही लिहीत. मूल होत नव्हते म्हणून त्यांनी नारितासान येथील शिन्शोजी मंदिरात फुदो म्योओला साकडे घातले आणि पुढे मुलगा झाला, अशी कथा आहे. नारिताया हे नाव तेथूनच आले. हा फुदो म्योओ म्हणजे भारतातून बौद्ध तंत्रमार्गाबरोबर गेलेला अचल. मराठी वाचकाला ओळखीचा वाटेल असा आणखी एक धागा याच घराण्याच्या ‘नारुकामी’ नाटकात आहे. पर्जन्य अडवून धरणारा तपस्वी आणि त्याला मोहवून पाऊस मोकळा करणारी स्त्री, हे कथानक ऋष्यशृंगाच्या आख्यानाच्या वाटेने जपानात पोहोचले आहे.

१७०४ मध्ये एका सहकारी नटाने पहिल्या दान्जुरोंचा नाट्यगृहातच खून केला. त्याच वर्षी त्यांच्या किशोरवयीन मुलाने नाव घेतले. दुसरे दान्जुरो (१६८८–१७५८) यांनी वडिलांच्या रांगडेपणाला देखणेपणाची जोड दिली. ‘सुकेरोकु’चा जांभळी पट्टी बांधलेला, भांडखोर आणि रुबाबदार नायक त्यांनी १७१३ मध्ये प्रथम उभा केला. वारशाचे खरे बीज इथे रुजले असे म्हणता येईल, कारण पुढच्या माणसाने मागच्याची नक्कल न करता त्यात आपली भर घालावी हा पायंडा त्यांच्यापासून पडला. तिसरे आणि सहावे दान्जुरो विशीच्या सुरुवातीलाच वारले. चौथे दत्तक होते आणि खलनायकी भूमिकांसाठी नावाजले गेले.

सातवे दान्जुरो (१७९१–१८५९) यांना हे नाव दहाव्या वर्षी मिळाले. घराण्यात गाजलेल्या अठरा नाटकांची ‘काबुकी जूहाचिबान’ ही यादी त्यांनी १८३२ मध्ये, मुलाला आठवे दान्जुरो करताना, जाहीर केली. त्यामुळे विखुरलेला वारसा मालमत्तेसारखा नोंदला गेला. १८४० मध्ये त्यांनी नोह (काबुकीहून जुने, मुखवट्यांचे संथ नाट्य) नाटकावरून ‘कान्जिंचो’ रंगमंचावर आणले. त्यातील बेंकेइ या योद्ध्या-भिक्षूची भूमिका आजही घराण्याची कसोटी मानली जाते. दोनच वर्षांनी तेम्पो सुधारणांच्या (काटकसर लादणाऱ्या सरकारी फर्मानांच्या) कडक अंमलात, उधळपट्टीच्या ठपक्यावरून, शोगुन या लष्करी शासकाच्या सरकारने त्यांना एदोतून हद्दपार केले. आठवे दान्जुरो रूपवान आणि कमालीचे लोकप्रिय होते. १८५४ मध्ये ओसाकात, प्रयोगांच्या तोंडावर, त्यांनी आत्महत्या केली. कारण आजही उलगडलेले नाही. त्यांच्या मृत्यूवर निघालेल्या छापील चित्रांची संख्या काबुकीच्या इतिहासात विलक्षण मोठी आहे.

त्यानंतर वीस वर्षे नाव रिकामे राहिले. १८७४ मध्ये आठव्यांच्या धाकट्या भावाने, नववे दान्जुरो (१८३८–१९०३) म्हणून, ते उचलले. ऐतिहासिक तपशिलाला धरून नाटके करण्याचा त्यांचा प्रयत्न प्रेक्षकांना फारसा रुचला नाही, तरी १८८७ मध्ये मेइजी सम्राटांसमोर ‘कान्जिंचो’ सादर करून त्यांनी एके काळी हीन समजल्या जाणाऱ्या नटाच्या पेशाला प्रतिष्ठा मिळवून दिली.

नवव्यांना वारस मुलगा नव्हता. त्यांचे जावई बँकेत नोकरीला होते. सासऱ्यांच्या निधनानंतर, तिशीच्या उंबरठ्यावर, ते रंगमंचावर उतरले आणि पुढे पाचवे इचिकावा सानशो झाले. काबुकीत पाच-सहा वर्षांच्या मुलाला उभे करतात. इतक्या उशिरा आलेल्याला थोर नट होणे शक्य नव्हते, आणि ते झालेही नाहीत. दान्जुरो हे नाव त्यांनी हयातीत घेतले नाही. पण जूहाचिबानमधली विस्मरणात गेलेली नाटके त्यांनी एकामागून एक शोधून, उभी करून दाखवली. परंपरेच्या मध्यावर दुवा तुटला असता, तो या माणसाने सांधला. १९५६ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर त्यांना दहावे दान्जुरो हा मान देण्यात आला. या साऱ्या नामावळीत सर्वाधिक आदर त्यांच्याविषयी वाटावा असे त्यांचे काम आहे.

त्यांनी दत्तक घेतलेला मुलगा हा सातवे मात्सुमोतो कोशिरो यांचा थोरला पुत्र. १९६२ मध्ये तो अकरावा दान्जुरो झाला, तेव्हा नववे जाऊन एकोणसाठ वर्षे लोटली होती. तीनच वर्षांत कर्करोगाने त्यांचा मृत्यू झाला. बारावे (१९४६–२०१३) यांनी १९८५ मध्ये नाव घेतले, २००४ पासून रक्ताच्या कर्करोगाशी झुंजत रंगमंचावर परतत राहिले आणि २००७ मध्ये पॅरिसच्या ऑपेरागृहात मुलाबरोबर काबुकी सादर केले.

नाव घेण्याच्या सोहळ्याला ‘शुमेइ’ म्हणतात. साधारणपणे शिन्नोसुके, एबिझो आणि मग दान्जुरो अशी अलीकडच्या पिढ्यांची चढती पायरी आहे. ‘कोओजो’ या प्रसंगात सहकारी नट पारंपरिक पोशाखात रांगेने वाकून बसतात आणि नव्या नामधारकाला प्रेक्षकांच्या पदरात घालतात. नंतर फक्त याच घराण्याचा हक्क असलेली ‘निरामि’ होते: नट एक खांदा उघडा टाकून डोळे वटारतो. ही नजर ज्याच्यावर पडेल तो वर्षभर आजारी पडत नाही, अशी श्रद्धा आहे. मे २०२० मध्ये ठरलेला तेराव्या दान्जुरोंचा सोहळा करोनाच्या साथीमुळे लांबला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये तोक्योच्या काबुकी-झा नाट्यगृहात झाला. त्याच वेळी त्यांचा मुलगा आठवा शिन्नोसुके झाला. नऊ वर्षांच्या त्या मुलाने दुसऱ्या दान्जुरोंनी १७१८ मध्ये आणलेल्या ‘उइरोउरी’तील औषधविक्याचे जिभेची परीक्षा पाहणारे लांबलचक भाषण म्हटले.