मॉडेल कार : एकास चोवीस की एकास पंचवीस, या वादाची पार्श्वभूमी

क्लासिक कारचे प्लास्टिक मॉडेल बांधणाऱ्यांमध्ये एक प्रश्न अजून निकाली निघालेला नाही : गाडी १:२४ ची (खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्श्याएवढी) घ्यावी की १:२५ ची? डब्यातले भाग जसेच्या तसे जोडणाऱ्याचे त्यावाचून काही अडत नाही. पण एका किटचे (म्हणजे सुट्या भागांच्या डब्याचे) इंजिन, दुसऱ्याची चाके आणि तिसऱ्याच्या सीट घेऊन मनातली गाडी उभी करणाऱ्याला हा प्रश्न पहिल्याच दिवशी गाठतो. इतकी जवळजवळची दोन मापे एकाच छंदात कशी आली, याचे उत्तर अमेरिकेतल्या मोटार धंद्यात आहे.

गाड्यांच्या प्रतिकृती अशी किट येण्याआधीही होत होत्या. गाड्यांच्या बॉडी बनवणाऱ्या डेट्रॉइटच्या एका कंपनीने १९३० मध्ये शाळकरी मुलांसाठी स्पर्धा सुरू केली. सुरुवातीला नेपोलियनकालीन शाही बग्गीची प्रतिकृती करायची असे. पुढे मुले स्वतःच्या कल्पनेतली कार १:१२ मापात घडवू लागली. बक्षीस म्हणून कॉलेजची शिष्यवृत्ती मिळे. १९६८ पर्यंत चाललेल्या या स्पर्धेतली काही मुले पुढे खरोखरच कार डिझायनर झाली. मात्र आजच्या किटची वंशावळ या स्पर्धेपाशी पोहोचत नाही. ती पोहोचते शोरूमच्या काउंटरवर.

महायुद्ध संपल्यावर विक्रेत्यांना नव्या गाड्यांचे छोटे नमुने हवे होते. गिऱ्हाइकाला रंग दाखवायला आणि त्याच्या मुलाच्या हातात द्यायला ते उपयोगी पडत. मिशिगनमधल्या एका कंपनीने आधी ॲल्युमिनियमचे नमुने काढले आणि लवकरच ती प्लास्टिककडे वळली. हे सुरुवातीचे प्लास्टिक म्हणजे ॲसिटेट. वर्षे सरली की ते आकसते, पिळवटते. त्या काळातले नमुने आज हातात घेतले तर बहुतेकांचे छत खाली बसलेले आणि बाजू वाकलेल्या दिसतात. पॉलिस्टायरीन आल्यावर हे दुखणे संपले.

या नमुन्यांचे साचे खर्चिक होते आणि मॉडेल दरवर्षी बदलायचे. मग त्याच साच्यांवर आणखी कमाई का करू नये? १९५८ मध्ये तेच भाग सुटे करून डब्यात विकायला सुरुवात झाली. एकाच डब्यातून तीन गाड्या होऊ शकत : शोरूममधली, कस्टम म्हणजे आपल्या आवडीने बदललेली, किंवा शर्यतीची. कॅलिफोर्नियात तरुण मंडळी जुन्या फोर्ड आणि मर्क्युरी कापून, रंगवून, खाली बसवून फिरवत होती, तो हा काळ. त्यांचे काम ज्याला परवडत नव्हते किंवा ज्याचे लायसन्सचे वय झाले नव्हते, त्याला आता ते स्वयंपाकघरातल्या टेबलावर करता येऊ लागले. पुढच्याच वर्षी आलेले १९३२ च्या फोर्ड रोडस्टरचे किट या सगळ्याचा मेरुमणी ठरले, असे माझे मत आहे.

आता मापाकडे. १:२४ म्हणजे एका फुटाला अर्धा इंच. फूट-इंचांत विचार करणाऱ्या कुणालाही हे सहज सुचावे. बाहुलीघरांपासून लाकडी नमुन्यांपर्यंत ही पद्धत रुळलेली होती. १:२५ चा सर्वमान्य खुलासा असा, की कारखान्यांत आराखडे दशांश पद्धतीने होत आणि शोरूमचे नमुने त्या आराखड्यांवरून बनत. खऱ्या गाडीचा एक इंच म्हणजे नमुन्यात बरोबर ०.०४० इंच, हिशेब संपला. हे माप छंदिष्टांना विचारून ठरलेले नाही. साच्यांबरोबर ते वारशाने आले. शिकागोकडच्या एका मोठ्या स्पर्धक कंपनीने मात्र १:२४ धरले. पुढे जपानी कंपन्यांनीही तेच घेतले, त्यामुळे आज जगभराच्या दुकानांत १:२४ चे पारडे जड दिसते.

फरक किती? चार टक्के. १९५७ ची शेव्हरोले बेल एअर घ्या. तिची लांबी २०० इंच. १:२५ मध्ये ती २०३ मिलिमीटर भरते, १:२४ मध्ये जवळपास २१२. दोन्ही एका फळीवर ठेवल्या तर लहान मूलही सांगेल की एक मोठी आहे. पण टायरच्या व्यासात फरक जेमतेम एक मिलिमीटर आणि इंजिनच्या लांबीतही तेवढाच. म्हणून इंजिन, टायर, स्टिअरिंग यांची अदलाबदल बिनघोर करावी. बॉडी, चासी, डॅशबोर्ड आणि काचा यांची मात्र करू नये. शिवाय डब्यावरच्या आकड्यावर डोळे झाकून विसंबू नये. बॉडीचे माप एक आणि आतल्या भागांचे भलतेच, असे किट कमी नाहीत. त्या शेव्हरोलेचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांतले अंतर, ११५ इंच. पट्टी लावून ११६.८ मिलिमीटर आले तर १:२५, १२१.७ आले तर १:२४. विकत घेण्याआधी मोजता आले तर उत्तमच.

माझा कौल १:२५ ला आहे आणि कारण कामाचे आहे. या मापात खऱ्या गाडीचा एक इंच म्हणजे जवळजवळ नेमका एक मिलिमीटर. १९४९ च्या मर्क्युरीचे छत तीन इंच उतरवायचे असेल तर छत पेलणाऱ्या खांबांतून तीन मिलिमीटर काढायचे. कॅल्क्युलेटर लागत नाही. तीन मिलिमीटर रुंद मास्किंग टेप खांबांभोवती गुंडाळायचा, त्याच्या दोन्ही कडांवरून बारीक दातांची करवत चालवायची. छत खाली ठेवले की खरी अडचण कळते. पुढचे खांब मागे झुकलेले, मागची काच पुढे झुकलेली, त्यामुळे उतरवलेले छत दोन्ही टोकांना तोकडे पडते. मग छत मधोमध आडवे कापून त्यात पट्टी घालावी लागते. पट्टीसाठी एक मिलिमीटरचे प्लास्टिक शीट, म्हणजे पुन्हा एक इंचच. त्यावर पुट्टी, वॉटर पेपर, प्रायमर. प्रायमर बसला की दडलेली प्रत्येक चीर उघडी पडते आणि पुट्टीपासून पुन्हा सुरुवात होते. कॅलिफोर्नियातल्या गॅरेजमध्ये खऱ्या मर्क्युरीवर नेमक्या याच क्रमाने काम होई, फक्त तिथे करवतीच्या जोडीला वेल्डिंग होते.

साच्यांच्या अर्थकारणाने किट जन्माला घातले आणि त्यानेच पुढे त्यांचे नुकसानही केले. नव्या वर्षाची गाडी काढताना जुनाच पोलादी साचा कोरून बदलला जाई. काही साचे शर्यतीच्या गाड्यांसाठी कायमचे कापले गेले. त्यामुळे साठच्या दशकातल्या कित्येक गाड्या जशाच्या तशा पुन्हा ओतणे शक्यच उरले नाही. त्यानंतर कंपन्याही एकमेकींत विलीन झाल्या, विकल्या गेल्या. ही पोकळी घरगुती रेझिन (साच्यात ओतून घट्ट होणारे द्रव प्लास्टिक) ओतणाऱ्यांनी भरली : जुन्या बॉडीवरून सिलिकॉनचा साचा, त्यातून मोजक्या प्रती. कुणी याला चोरी म्हणतात. जी गाडी कंपनीने स्वतःच्या हाताने पुसली ती जिवंत ठेवणाऱ्यांना मी चोर म्हणणार नाही. चालू किटची नक्कल करून विकणे ही वेगळी गोष्ट आहे आणि तिचे समर्थन होऊ शकत नाही.

थ्रीडी प्रिंटिंगने मापाचा वाद वेगळ्या वळणावर नेला आहे. मुंबईकरासाठी त्याचे महत्त्व मोठे आहे, कारण किटच्या डब्यांच्या रांगेत पद्मिनी सहसा दिसत नाही. कुर्ल्यात १९६४ पासून तयार झालेली, फिएट ११०० डी वर बेतलेली ही गाडी ऑक्टोबर २०२३ मध्ये टॅक्सी म्हणून रस्त्यावरून कायमची गेली. तिची काळी-पिवळी करायची तर पिवळे छत, वरचा कॅरिअर, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर आणि डाव्या बाजूला बाहेर बसवलेला झेंड्याचा मीटर, हे सगळे हाताने किंवा प्रिंटरवर घडवावे लागते. तिचा व्हीलबेस २३४० मिलिमीटर, म्हणजे १:२४ मध्ये ९७.५ आणि १:२५ मध्ये ९३.६. फाईल १:२४ ची असेल तर ती ९६ टक्क्यांवर छापली की १:२५ ची गाडी मिळते. फक्त त्या चार टक्क्यांत खांब आणि काचेच्या चौकटीही बारीक होतात, आधीच नाजूक असल्या तर सपोर्ट (छपाईत भागांना आधार देणाऱ्या काड्या) काढताना मोडतात. म्हणून छापण्याआधी तेवढ्या भागांची जाडी फाईलमध्येच वाढवून घ्यावी.