बारा लाखांपर्यंत कर शून्य, करमुक्त मर्यादा मात्र चारच लाख

‘बारा लाखांपर्यंत कर नाही’ हे वाक्य २०२५च्या अर्थसंकल्पानंतर घरोघरी पोचलं. कायद्यातली करमुक्त मर्यादा मात्र नव्या करप्रणालीतही (दर कमी, पण बहुतेक वजावटी नाहीत अशी) चार लाखच आहे. चार ते आठ लाखांवर ५ टक्के आणि आठ ते बारा लाखांवर १० टक्के असा ६० हजारांचा कर आधी आकारला जातो, आणि मग तेवढीच सूट (१९६१च्या प्राप्तिकर कायद्यात कलम ८७अ) देऊन तो शून्यावर आणला जातो. देशात प्राप्तिकर भरणारे नक्की किती, या वादाचं मूळ चार आणि बारा लाखांमधल्या या अंतरात आहे.

दरांचा जुना इतिहास थोडक्यात सांगता येतो. १८५७च्या उठावाने रिकामी झालेली तिजोरी भरण्यासाठी १८६०मध्ये हा कर आला. १८८६च्या कायद्याने शेतीचं उत्पन्न त्यातून वगळलं. सध्याच्या करदात्याचा खरा संबंध येतो तो १९७३-७४पासूनच्या घसरणीशी. त्या वर्षी अकरा टप्पे होते आणि दोन लाखांवरच्या उत्पन्नावर अधिभारासह, म्हणजे करावरच्या जादा करासह, ९७.७५ टक्के कर होता. इतके चढे दर करचुकवेगिरीला खतपाणी घालतात, असं सरकारनेच नेमलेल्या समितीने आधी सांगून ठेवलं होतं. पुढच्याच वर्षी कमाल दर ७७ टक्क्यांवर आला, १९८५-८६मध्ये ५० टक्क्यांवर, आणि १९९७-९८मध्ये १०-२०-३० अशी तीन टप्प्यांची रचना झाली. तो ३० टक्क्यांचा वरचा टप्पा आजही कायम आहे. त्यानंतर अतिश्रीमंतांवरचा बोजा वाढला किंवा उतरला तो अधिभारातून.

खालच्या टोकाला जे घडलं त्याची चर्चा फारशी झाली नाही. कलम ८७अ २०१३मध्ये आलं तेव्हा पाच लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना फक्त दोन हजारांची सूट होती. २०१६मध्ये ती पाच हजार झाली. २०१७मध्ये पहिल्या टप्प्याचा दर १०वरून ५ टक्के झाला, तेव्हा सूट अडीच हजारांवर आणि उत्पन्नाची अट साडेतीन लाखांवर आणली गेली. तोवर हे कलम किरकोळच होतं. २०१९च्या फेब्रुवारीत, लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर आलेल्या अंतरिम अर्थसंकल्पात सूट साडेबारा हजार झाली आणि पाच लाखांपर्यंतचं उत्पन्न करातून सुटलं. मूळ करमुक्त मर्यादा अडीच लाखांवरच ठेवली गेली.

मर्यादाच का वाढवली नाही? ती वाढली असती तर पन्नास लाख कमावणाऱ्याचाही कर तेवढा कमी झाला असता. सूट दिली की फायदा खालच्या उत्पन्नापुरता राहतो. हा युक्तिवाद खरा आहे. पण दुसरा परिणामही तितकाच मोठा आहे. मूळ मर्यादेच्या वर उत्पन्न गेलं की विवरणपत्र भरणं सक्तीचं असतं, मग अंतिम कर शून्य का असेना. म्हणजे माणूस नोंदीत राहतो, पण कर भरत नाही. भरीला २०१९पासून वर्षाला लाखावर वीजबिल किंवा परदेश प्रवासावर दोन लाखांवर खर्च, आणि २०२२पासून २५ हजारांवर टीडीएस (पैसे हातात येण्याआधीच कापला जाणारा कर), एवढ्यावरही विवरणपत्र सक्तीचं झालं.

आणि मग २०२०च्या फेब्रुवारीत देशाला सांगण्यात आलं की जेमतेम दीड कोटी लोक प्राप्तिकर भरतात. आकडा खोटा नव्हता. २०१८-१९च्या उत्पन्नाची ५ कोटी ७८ लाख व्यक्तींची विवरणपत्रं आली होती. त्यांत १ कोटी ३ लाखांनी अडीच लाखांच्या आतलं, ३ कोटी २९ लाखांनी अडीच ते पाच लाखांमधलं आणि १ कोटी ४६ लाखांनी पाच लाखांवरचं उत्पन्न दाखवलं होतं. मधल्या ३ कोटी २९ लाखांना वर्षभरापूर्वी करातून कोणी सोडवलं? सरकारच्याच निर्णयाने ते सुटले होते. त्यांनी विवरणपत्रं भरून उत्पन्न दाखवलं होतं. तरीही ‘भारतीय कर भरत नाहीत’ या सुरात त्यांनाही गोवलं गेलं. हे मला अन्यायाचं वाटतं, आणि तोच सूर आजही ऐकू येतो. ३१ जुलै २०२४पर्यंत ७ कोटी २८ लाखांहून अधिक विवरणपत्रं दाखल झाली. त्यांतल्या प्रत्येकाला करदाता म्हणायचं की फक्त ज्याच्या खिशातून पैसे गेले त्याला, हे बोलणाऱ्याच्या सोयीने ठरतं.

सूट म्हणजे मर्यादा नव्हे, हे काहींना नोटिशीतून कळलं. जुन्या प्रणालीत पाच लाखांवर दहा रुपये गेले तरी उपकरासह सुमारे तेरा हजारांचा कर उभा राहतो. नव्या प्रणालीत २०२३मध्ये सूट सात लाखांपर्यंत नेताना हा कडा थोडा बोथट केला. आता करपात्र उत्पन्न बारा लाख दहा हजार असेल तर कर दहा हजारांवर जात नाही, उपकर वेगळा. अनिवासींना मात्र ही सूट मुळीच नाही. दुबईत राहून पुण्यातल्या फ्लॅटचं भाडं घेणाऱ्याला करमुक्त मर्यादेनंतरच्या पहिल्या रुपयापासून कर लागतो.

सर्वांत मोठा घोळ झाला २०२४च्या जुलैत. शेअर विकून झालेल्या अल्पकालीन नफ्यावर, म्हणजे विशेष दराच्या उत्पन्नावर, सूट मिळते असं धरून लोक विवरणपत्रं भरत होते. ५ जुलैला प्राप्तिकर खात्याच्या पोर्टलचं सॉफ्टवेअर बदललं आणि त्याने ती सूट देणंच बंद केलं. कायदा तोच, वर्ष तेच. चार दिवस आधी भरणाऱ्याला सूट दिसली, नंतर भरणाऱ्याला नाही. मुंबईत कर सल्लागारांच्या एका संघटनेने उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. डिसेंबरच्या अंतरिम आदेशानंतर उशिराचं किंवा सुधारित विवरणपत्र भरण्याची मुदत १५ जानेवारी २०२५पर्यंत वाढली आणि जानेवारीतल्या निकालाने करदात्याला सूट मागण्याची सोय पोर्टलवर ठेवायला सांगितलं. सॉफ्टवेअर कायद्याचा अर्थ ठरवू शकत नाही, एवढी साधी गोष्ट मिळवायला सहा महिने गेले.

त्यानंतर आठवडाभरात आलेल्या अर्थसंकल्पाने सूट ६० हजारांवर नेली आणि सोबतच नव्या प्रणालीत विशेष दराच्या उत्पन्नावर ती मिळणार नाही, असं कायद्यातच लिहून टाकलं. त्यामुळे पगार नऊ लाख आणि शेअरचा अल्पकालीन नफा एक लाख असलेल्या माणसाचं उत्पन्न बारा लाखांच्या आत असूनही त्या नफ्यावर त्याला २० टक्के कर भरावा लागतो.