ढोरांच्या दवाखान्यात कुत्रा कसा आला

आर्वीकडच्या एखाद्या पोरानं घरी सांगितलं, की मला कुत्र्या-मांजरांच्या शस्त्रक्रियेतला प्राध्यापक व्हायचंय, तर आजा विचारणारच, "म्हंजे ढोरायचाच डॉक्टर ना?" आजाचं काही चुकत नाही. पशुवैद्यकीय महाविद्यालयात कुत्र्यासाठी निराळा शल्यविभाग नसतो. दारावर पाटी असते 'पशुशल्यचिकित्सा व क्षकिरणशास्त्र', आणि त्याच दारातून बैल, बकरी, कुत्रा सगळे आत जातात. पदव्युत्तर पदवीही त्याच नावाची. ही पाटी मुळात कुत्र्यासाठी लागलेली नव्हती.

आपल्याकडे हे शिक्षण आलं ते लष्कराच्या घोड्यांमागून आणि बुळकांडीच्या, म्हणजे ढोरांच्या जीवघेण्या साथीच्या, धाकानं. लाहोरचं महाविद्यालय १८८२ चं, मुंबईत परळचं १८८६ चं. पुण्यात १८८९ मध्ये जी सरकारी प्रयोगशाळा निघाली आणि पुढे मुक्तेश्वर-इज्जतनगरला गेली, तिचं कामही साथीच्या रोगांचं. कुत्रा त्या काळी साहेबाच्या बंगल्यावरचा किंवा धनगराच्या कळपामागचा. त्याच्या मोडक्या पायासाठी सरकार कशाला खर्च करील?

विदर्भ तेव्हा मध्यप्रांतात. प्रांताचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १९४८ मध्ये निघालं ते जबलपूरला. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत जबलपूर मध्य प्रदेशात राहिलं आणि विदर्भ मुंबई राज्यात आला. मग १९५८ मध्ये नागपूरचं महाविद्यालय सुरू झालं. १९६९ मध्ये अकोल्याचं कृषी विद्यापीठ झालं आणि पशुवैद्यक त्याच्या छत्राखाली गेलं. नांगर, कापूस आणि ढोर एकाच घरात, हे त्या काळाला धरूनच होतं. पशू व मत्स्य विज्ञानाचं स्वतंत्र विद्यापीठ नागपुरात व्हायला २००० साल उजाडावं लागलं.

तोवर शल्यविभागाचं रोजचं काम म्हणजे बैल. शिंगाचा कर्करोग झाला की शिंग मुळातून काढायचं. जुवानं सुजलेला खांदा बघायचा. चाऱ्याबरोबर तार किंवा खिळा गिळलेल्या गाईचं पोट उघडायचं. गोऱ्हा ठेचायची जुनी अघोरी रीत मोडून चिमट्यानं खच्चीकरण करायचं. यातलं बरंचसं गोठ्यापुढच्या अंगणातही होतं, कारण रवंथ करणाऱ्या जनावराला पूर्ण भूल देणं जोखमीचं असतं. आडवं पडलं की पोट फुगतं, पोटातलं पाणी उलटून श्वासनळीत जाऊ शकतं. म्हणून गाय शक्यतो उभी ठेवून कुशीचा भाग बधिर करायचा आणि तिथूनच हात घालायचा. बैलाला दोर टाकून पाडायचं. पाच-सहा माणसं लागतात, आणि सल्ला द्यायला अख्खं गाव.

माझ्या मते कुत्र्याचा शिरकाव इथूनच झाला. भूतदयेचा त्यात वाटा असेल, पण थोडा. कुत्रा टेबलावर मावतो, पूर्ण भूल पेलतो, टाके घातल्यावर चिखलात जाऊन बसत नाही. (बसतोही. पण त्याला घरात बांधता येतं.) ढोराच्या मोडलेल्या मांडीत चार-पाच क्विंटलचं वजन पेलणारी सळई बसवणं जिकिरीचं, कुत्र्याच्या हाडात ती बसते आणि महिन्या-दीड महिन्यात तो पाय टेकून चालतो. क्ष-किरणांचंही तसंच. बैलाचं पोट साध्या यंत्राच्या आवाक्याबाहेरचं, कुत्र्याचं सहज दिसतं. पाटीवरच्या 'क्षकिरण' या शब्दाला खरं काम कुत्र्यानं दिलं.

दुसरं कारण ट्रॅक्टर. पाश्चात्त्य देशांत मोटार आली, घोडा गेला आणि पशुवैद्य कुत्र्या-मांजरांकडे वळले. अमेरिकेत पशुशल्यविशारदांची स्वतंत्र संस्था १९६५ मध्ये उभी राहिली. आपल्याकडे हे बरंच उशिरा घडतंय. २०१९ च्या पशुगणनेत देशातल्या बैल-वळू-गोऱ्ह्यांची संख्या २०१२ पेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी घटलेली दिसली. पोळ्याला बैल भाड्यानं आणायची पाळी आलेली गावं आहेत, आणि तालुक्याच्या गावी लॅब्रॅडॉर पाळणारे शिक्षक-दुकानदारही आहेत.

तिसरं कारण कायद्याचं. २००१ च्या श्वान जन्म नियंत्रण नियमांनी भटक्या कुत्र्यांची नसबंदी हा अधिकृत मार्ग ठरवला. २०२३ मध्ये नवे नियम आले. गर्भाशय आणि अंडाशय काढण्याची शस्त्रक्रिया कधीतरी दिसणारी राहिली नाही, नित्याची झाली. शिकणाऱ्याचा हात बसतो तो अशाच कामावर.

बाकी प्राध्यापक व्हायची वाट सरळ पण लांब: पदवीची साडेपाच वर्षं इंटर्नशिपसह, मग दोन वर्षांची एमव्हीएससी ही पदव्युत्तर पदवी, प्राध्यापकीसाठीची नेट परीक्षा, पीएचडी. प्रबंध कुत्र्याच्या हाडावर लिहिला तरी नोकरीत म्हशीचं पोट उघडावं लागतं, आणि ते आलंच पाहिजे.

खेड्यातून येणारा कुत्रा मात्र लॅब्रॅडॉर नसतो. तूर-हरभऱ्याची राखण करणारा गावठी, रानडुकराच्या सुळ्यानं कूस फाटलेला. मालक त्याला पोत्यात गुंडाळून दुचाकीवर आणतो. वाटेत आतड्याला माती लागलेली असते. ते ओलं राहायला हवं, धुवायला हवं, काळं पडलेलं कापून टोकं जोडायला हवीत, मग पोटाचे थर एकेक करून शिवायचे. मालक दारात उभा राहून विचारतो, "पेरणीपावतर हिंडनं का जी हा?"