ड्रीमकास्ट एवढा भारी होता तर मग चालला का नाही?

आपल्याकडं जुन्या गेमचा विषय निघाला की समुराई, मीडिया हे टीव्ही गेमचे डबे, ९९९९ इन वन कॅसेट, कॉन्ट्रा, मारिओ, इथंच गाडी थांबते. फार तर कोणतरी प्लेस्टेशन टू काढतो. सेगा या जपानी कंपनीच्या ड्रीमकास्ट या कन्सोलचं, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायच्या डब्याचं, नाव घेतलं की समोरचा म्हणतो हे काय असतंय. आमच्या सांगलीतल्या विश्रामबागच्या पोरांत एकाकडं हा डबा आहे आणि जो कोण येतो तो तासभर सोलकॅलिबर हा मारामारीचा गेम खेळतो, मग मान वर करून एकच विचारतो, एवढं भारी होतं तर चाललं का नाही? दरवेळी तोंडी सांगून कंटाळा आलाय म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

जपानमध्ये हा २७ नोव्हेंबर १९९८ ला आला, अमेरिकेत ९ सप्टेंबर १९९९ ला, आणि ३१ मार्च २००१ ला सेगानं त्याचं उत्पादन बंद केलं. म्हणजे अमेरिकेत धड दोन वर्षंपण मिळाली नाहीत. जगभरात खपले साधारण ९१ लाख. त्याच्याशी टक्कर होती त्या प्लेस्टेशन टूचे १५ कोटींच्या वर गेले. आकडे बघून वाटेल की मशीन टुकार असणार, पण मला विचाराल तर मशीनचा दोष त्यात सगळ्यात कमी होता. खरी गोष्ट आधीच्या पाच वर्षांतली आहे.

सेगा मुळात पार्लरवाली कंपनी. नव्वदच्या दशकात सांगली-मिरजेत व्हिडिओ गेमच्या टपरीवजा पार्लरात कॉइन टाकून आपण ज्याला मुस्तफा म्हणायचो तो कॅपकॉमचा गेम, पण तसली उभी मशीनं बनवण्यात जगात सेगा एकदम वरच्या नंबरात. घरात खेळायचा त्यांचा मेगा ड्राइव्ह १९८८ ला जपानमध्ये आला आणि अमेरिकेत त्यानं निन्टेन्डो या मारिओवाल्या कंपनीच्या नाकात दम आणला, ३ कोटींच्या आसपास खपला. भारतातसुद्धा १९९५ च्या दरम्यान शॉ वॉलेसमार्फत सेगाची मशीनं विकायचा प्रयत्न झाला होता, होय तीच दारूवाली शॉ वॉलेस, पण आयात शुल्क एवढं होतं आणि किंमत अशी की सांगलीत कुणाच्या घरी असेल असं मला तरी वाटत नाही. आपण आपले समुराईवर खूश.

तर मेगा ड्राइव्ह जोरात चाललेला असताना सेगाला काय सुचलं कळंना. आधी त्याला जोडायचा सीडी ड्राइव्ह काढला, मग नोव्हेंबर १९९४ ला अमेरिकेत थर्टी-टू-एक्स नावाचं अजून एक जोडायचं यंत्र काढलं, आणि त्याच महिन्यात जपानमध्ये सॅटर्न हा पूर्ण नवीन कन्सोल विकायला आणला. म्हणजे ज्या पोराच्या बापानं थर्टी-टू-एक्स घेऊन दिलं त्याला वर्ष व्हायच्या आत कळलं की हे आता अडगळ. त्याच्यावर कडी म्हणजे मे १९९५. अमेरिकेतल्या ई-थ्री या गेमच्या प्रदर्शनात सेगाच्या टॉम कालिन्स्के यांनी स्टेजवरनं जाहीर केलं की सप्टेंबरमध्ये यायचा सॅटर्न आजपासनंच दुकानात आहे, ३९९ डॉलरला. पण माल मोजक्याच दुकानांना दिलेला, बाकीच्यांना पत्ताच नाही. केबी टॉईजसारख्या खेळण्यांच्या दुकानांच्या मोठ्या साखळीनं भडकून सेगाचा मालच ठेवायचा बंद केला. गेम बनवणाऱ्या कंपन्यांचे गेम तयार नव्हते कारण त्यांना सप्टेंबर सांगितलेला. आणि त्याच प्रदर्शनात सोनीचा माणूस स्टेजवर आला, प्लेस्टेशनची किंमत म्हणून २९९ एवढाच आकडा बोलला आणि खाली उतरला. विषय संपला.

हे सगळं इतकं सविस्तर का सांगतोय, तर ड्रीमकास्ट मेला तो इथंच. कारखान्यानं दोन हंगाम बिलं थकवली की तिसऱ्या वर्षी शेतकरी ऊस दुसरीकडं घालतो, मग तुम्ही कितीही नवी मशिनरी बसवा. सेगाचं तसंच झालं. ड्रीमकास्ट आला तेव्हा दुकानदार, गेम कंपन्या आणि गिऱ्हाईक तिघंही आधीच पोळलेले होते.

नवीन मशीन बनवतानासुद्धा घरात दोन चुली होत्या. जपानमध्ये हिदेकी सातो यांची टीम हिताचीचा एसएच-४ प्रोसेसर आणि एनईसीची पॉवरव्हीआर ग्राफिक्स चिप घेऊन बसलेली, अमेरिकेत दुसरी टीम थ्रीडीएफएक्स या कंपनीची चिप घेऊन. मग १९९७ ला थ्रीडीएफएक्स शेअर बाजारात उतरायला निघाली आणि कागदपत्रांत सेगाबरोबरचा करार उघड झाला, जो गुपित होता. सेगानं शेवटी पॉवरव्हीआर घेतली, थ्रीडीएफएक्स कोर्टात गेली, नंतर तडजोड झाली. गंमत अशी की त्याच पॉवरव्हीआर घराण्यातली चिप पुढं नोकिया एन ९५ मध्ये आणि पहिल्या आयफोनमध्ये होती. एन ९५ तर इथं कॉलेजच्या कट्ट्यावर पोरं मिरवायची, म्हणजे ड्रीमकास्टचं पुढचं रक्त आपल्या खिशात येऊन गेलं आणि आपल्याला माहीत नव्हतं.

मशीन मात्र नाद खुळा होतं. प्रोसेसर २०० मेगाहर्ट्झ, मेमरी १६ एमबी, आज ऐकून हसू येतं पण तेव्हा टीव्हीला जोडायच्या डब्यात हे म्हणजे विषय हार्ड. पार्लरमधल्या मशीनसाठी सेगानं नाओमी नावाचा बोर्ड काढलेला, त्याची आणि ड्रीमकास्टची आतली रचना जवळपास एकच, त्यामुळं क्रेझी टॅक्सीसारखे पार्लरचे गेम घरात आहेत तसे आले. आणि डब्यातच फोनलाइनवरनं इंटरनेट जोडायचा मॉडेम. १९९८ ला! आपण इकडं त्यानंतर वर्षा-दोन वर्षांनीसुद्धा सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून याहू उघडत होतो, तेव्हा तिकडं लोक टीव्हीसमोर बसून फोनलाइनवर फँटसी स्टार ऑनलाइन खेळत होते. मेमरी कार्डलापण छोटी स्क्रीन आणि बटणं, काढून खिशात घालून खेळायचं. छातीवर हात ठेवून सांगायचं तर कंट्रोलर मला कधी आवडला नाही, अंगठ्यानं फिरवायची अॅनालॉग स्टिक एकच आणि वायर खालच्या बाजूनं निघते, आणि डिस्क फिरताना आवाज असा की घरातले विचारतात मिक्सर चालू आहे काय. पण सोलकॅलिबर बघितला की माफ.

अमेरिकेतला पहिला दिवस तर सणासारखा गेला, ९/९/९९ तारीख, किंमत १९९ डॉलर, एका दिवसात ९ कोटी ८० लाख डॉलरच्या वर धंदा. मग गेलं कुठं? एक म्हणजे इलेक्ट्रॉनिक आर्ट्स, म्हणजे ईए, ही गेम कंपनी आलीच नाही. अमेरिकन फुटबॉल, फिफा, सगळे खेळांचे गेम त्यांच्याकडं, आणि अमेरिकेत त्याच्याशिवाय कन्सोल चालत नाही. सेगाचे तिकडचे बॉस बर्नी स्टोलर यांनी नंतर सांगितलं की ईएला खेळांच्या गेमची मक्तेदारी पाहिजे होती आणि सेगानं तर व्हिज्युअल कन्सेप्ट्स ही कंपनी त्यासाठीच विकत घेतलेली. त्यांचाच एनबीए टू-के हा बास्केटबॉलचा गेम, आजही दरवर्षी निघतो. स्टोलर यांना तर लाँचच्या तोंडावर घरी पाठवलं, हे अजून एक.

दुसरं, सोनी. मार्च २००० ला जपानमध्ये आणि ऑक्टोबरला अमेरिकेत प्लेस्टेशन टू आला, त्यात डीव्हीडी चालायची. तेव्हा नुसता डीव्हीडी प्लेअर घ्यायचा म्हटलं तरी खिसा रिकामा व्हायचा, मग बापाला पटवायला पोराला अजून काय पाहिजे. खरं सांगायचं तर पीएस टूचे सुरुवातीचे गेम ड्रीमकास्टपुढं काहीच नव्हते, पण लोक थांबून राहिले. सॅटर्नला पोळलेला माणूस थांबणारच की.

तिसरं कॉपीचं. सेगाच्या जीडी-रॉम या खास डिस्कमध्ये १ जीबीच्या आसपास माल बसायचा, ती डिस्क घरी कॉपी होणार नाही असा हिशोब. पण त्यांनीच मिल-सीडी म्हणून गाण्याच्या सीडीचा एक प्रकार काढलेला, तसल्या सीडी निघाल्या बोटावर मोजण्याएवढ्या, पण त्या चालाव्यात म्हणून मशीन साध्या सीडीवरनं प्रोग्राम सुरू करायला तयार होतं. २००० मध्ये पोरांना ती फट सापडली आणि साध्या सीडी-आरवर, म्हणजे घरी कॉपी करायच्या कोऱ्या सीडीवर, गेम फिरायला लागले, ना चिप, ना सोल्डरिंग. जागेत बसावं म्हणून व्हिडिओ आणि आवाज कापून टाकायचे. लोक म्हणतात कॉपीनं ड्रीमकास्ट मारला. मला पटत नाही, कॉपी तर प्लेस्टेशनचीपण व्हायची, आपल्याकडं त्याच्या डुप्लिकेट सीड्या ढिगानं मिळायच्या आणि सोनीचं काही वाकडं झालं नाही. आजारी माणसाला सर्दी झाली एवढंच.

पैसा मात्र खरंच संपत आलेला. अध्यक्ष इसाओ ओकावा यांनी १९९९ मध्ये स्वतःचे ५० कोटी डॉलर सेगाला उसने दिलेले. त्यांचं मत आधीपासनं होतं की सेगानं मशीनच्या भानगडीत न पडता गेम बनवावेत. ३१ जानेवारी २००१ ला ड्रीमकास्ट बंद करायची घोषणा झाली, १६ मार्चला ओकावा वारले, आणि जाण्याआधी त्यांनी ते कर्ज माफ करून स्वतःचे शेअर्सही कंपनीला देऊन टाकले. मालकानं कंपनीला लुटलेलं आपण रोज वाचतो, हे उलटं.

पण बंद व्हायचा निर्णय झाला तरी हे मशीन संपलं नाही, आणि कारण तीच फट. सीडीवरनं काहीही चालतंय म्हटल्यावर हौशी लोकांनी स्वतःचे गेम लिहायला घेतले, कॅलिस्टीओएस नावाचं गेम लिहायचं फुकट टूलकिट बनलं, आणि कंपनीला न विचारता नवे गेम अजून निघतात. शेनम्यू या ड्रीमकास्टच्या गेमवर सेगाच्या यू सुझुकींनी ४ कोटी ७० लाख डॉलर घालवले, त्यात पेठेत फिरायचं, दुकानात डोकवायचं, पार्लरात जाऊन सेगाचेच जुने गेम खेळायचे, तो आता कुणीही बघू शकतो. फ्लायकास्ट नावाचा एम्युलेटर, म्हणजे ड्रीमकास्टची नक्कल करणारं सॉफ्टवेअर, साध्या अँड्रॉइड फोनवर बऱ्यापैकी पळतो, बहुतेकांनी आधी तेच करावं.

खरा डबा घ्यायचाच असेल तर युरोपचा निळ्या भोवऱ्याच्या लोगोचा बघा, तो आपल्या २३० व्होल्टवर सरळ चालतो. जपान-अमेरिकेचा घेतला तर आधी ट्रान्सफॉर्मर, नायतर वास येईल. जुना जाड कॉम्प्युटर मॉनिटर घरात पडलेला असला तर भंगारात घालू नका, व्हीजीए केबलनं त्यावर चित्र टीव्हीपेक्षा कितीतरी चोख दिसतं. लेझर म्हातारी झालेली असणार, ती गेली की ड्राइव्ह काढून एसडी कार्डवाला बोर्ड बसवतात. आणि चालू केल्यावर मेमरी कार्ड चीं करून ओरडलं तर घाबरू नका, त्यातले सेल गेलेत, साधे सीआर २०३२ लागतात दोन, घड्याळजीकडं मिळतील.