बर्नाल यांचे स्फटिकशास्त्रीय संशोधन

जॉन डेस्मंड बर्नाल (१९०१–७१) या आयर्लंडमध्ये जन्मलेल्या शास्त्रज्ञाने ग्रॅफाइट, सिमेंट, पाणी आणि जठरातले पेप्सिन या सर्वांचा अभ्यास एकाच प्रश्नासाठी केला : यातले अणू-रेणू एकमेकांशेजारी कसे बसलेले असतात? पदार्थरसायन आणि विकरांची (पेप्सिनसारख्या एन्झाइमांची) रचना या आज वेगळ्या मानल्या जाणाऱ्या दोन्ही शाखा त्यांच्या कामात एकत्र दिसतात.

लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये विल्यम हेन्री ब्रॅग यांच्या हाताखाली असताना १९२४ साली त्यांनी ग्रॅफाइटची रचना क्ष-किरणांनी निश्चित केली. ग्रॅफाइटमध्ये कार्बनचे अणू षट्कोनी जाळीच्या सपाट थरांत असतात. आजच्या मापनानुसार थरातल्या शेजारी अणूंमध्ये सुमारे १.४२ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग), तर दोन थरांमध्ये सुमारे ३.३५ अँगस्ट्रॉम अंतर असते. थरांमधली ही सैल पकड सुटते, म्हणूनच पेन्सिल कागदावर उमटते. फिरत्या स्फटिकाच्या क्ष-किरण छायाचित्रांचा अर्थ लावण्यासाठी बर्नाल यांनी १९२६ मध्ये केलेले आलेख नंतर कित्येक प्रयोगशाळांनी वापरले.

त्यांचे सर्वांत दूरगामी काम मात्र १९३४ मधले आहे. विकरांचे स्फटिक तोवर मिळू लागले होते : जेम्स समनर यांनी १९२६ मध्ये युरिएजचे, जॉन नॉर्थ्रॉप यांनी १९३० मध्ये पेप्सिनचे स्फटिक केले. पण क्ष-किरणांखाली प्रथिनांच्या स्फटिकांतून हाती काही लागत नव्हते. स्वीडनमधील उप्सालाच्या प्रयोगशाळेत जॉन फिलपॉट सुटीवर गेले असताना शीतकपाटात पेप्सिनचे सुमारे २ मिलिमीटर लांबीचे स्फटिक वाढले. ग्लेन मिलिकन यांनी ते कोटाच्या खिशातून केंब्रिजला, बर्नाल तेव्हा काम करत तिथे, आणले, आणि आणले ते ज्या द्रवात वाढले त्याच द्रवासकट. बर्नाल यांनी एक स्फटिक नेहमीप्रमाणे बाहेर काढला, तर त्याचे विवर्तन-ठिपके (अणूंच्या नियमित रांगांवरून विखुरलेल्या क्ष-किरणांचे फिल्मवरचे ठिपके) उमटेनात. सूक्ष्मदर्शकाखाली पाहता लक्षात आले, की द्रवात असताना ध्रुवित प्रकाशात झळकणारा स्फटिक हवेत सुकताच निस्तेज होतो. मग त्यांनी ओला स्फटिक त्याच्या द्रवासह काचेच्या केशनळीत बंद केला. या वेळी फिल्मवर असंख्य स्पष्ट ठिपके उमटले. डोरोथी क्रोफूट (पुढे हॉजकिन) यांच्यासह त्यांनी हा निष्कर्ष ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केला.

त्या ठिपक्यांचा अर्थ थेट होता : प्रथिनाच्या प्रत्येक रेणूला ठरावीक आकार असतो आणि त्यातले अणू नेमक्या जागी असतात. प्रथिने म्हणजे अनिश्चित आकाराचे चिकट कलिल (कोलॉइड), ही समजूत त्यामुळे ढासळू लागली. पाणी हा प्रथिनाच्या स्फटिकाचा घटकच असतो, हेही कळले. ही नोंद दोन पानांहून कमी आहे, पण रेण्वीय जीवशास्त्राचा आरंभ इथे धरायला हरकत नाही.

पेप्सिनची रचना बर्नाल यांनी स्वतः उलगडली नाही. कामाला तोंड लावून पुढचे इतरांवर सोपवणे हा त्यांचा स्वभावच होता. केवळ पूर्ण सोडवलेल्या रचना मोजल्या तर त्यांचे श्रेय फार कमी भरेल, आणि तो अन्याय होईल. १९३६ मध्ये त्यांच्याकडे आलेल्या मॅक्स पेरुट्झ यांना हिमोग्लोबिनसाठी १९६२ मध्ये, तर हॉजकिन यांना १९६४ मध्ये नोबेल मिळाले. बर्नाल यांना ते कधीच मिळाले नाही. संपूर्ण रचना समजलेले पहिले विकर लायसोझाइम ठरले. डेव्हिड फिलिप्स यांच्या गटाने ती १९६५ मध्ये मांडली, तीही रॉयल इन्स्टिट्यूशनमध्येच.

१९३८ मध्ये बर्नाल लंडनच्या बर्कबेक कॉलेजात प्राध्यापक झाले. युद्धानंतर तिथे त्यांनी उभ्या केलेल्या प्रयोगशाळेत हॅरी कार्लाइल रायबोन्यूक्लिएज या विकरावर, रोझालिंड फ्रँकलिन तंबाखूच्या विषाणूवर, तर जे. डब्ल्यू. जेफरी सिमेंटच्या स्फटिकांवर काम करत. रायबोन्यूक्लिएजची रचना १९६७ मध्ये अमेरिकेत उलगडली. ती मांडणाऱ्यांत गोपीनाथ कार्था हे भारतीय शास्त्रज्ञ होते. पाणी घातल्यावर सिमेंट घट्ट होताना कोणती संयुगे बनतात, यावर बर्नाल, जेफरी आणि टेलर यांनी १९५२ मध्ये लिहिले.

उत्तरायुष्यात ते द्रवांकडे वळले. द्रवात स्फटिकासारखी शिस्त नसते, पण रेणू दाटीने असतात. ही दाटी कशी, हे पाहायला त्यांनी कार्यालयात चेंडू आणि काड्यांची प्रतिकृती बांधली. दर काही मिनिटांनी कुणी ना कुणी कामात व्यत्यय आणत असे; मांडणीत नकळतही नियमितपणा येऊ नये म्हणून त्याचा त्यांनी उपयोगच करून घेतला. पोलादी गोळ्या वेड्यावाकड्या पण गच्च भरल्या, तर जास्तीत जास्त सुमारे ६४ टक्के जागा व्यापतात. स्फटिकात हेच प्रमाण ७४ टक्क्यांपर्यंत जाते. वेगाने थंड केल्यामुळे स्फटिक न बनता काचेसारख्या घट्ट झालेल्या धातूंची रचना समजून घेताना पदार्थशास्त्रज्ञांनी पुढे हीच प्रतिकृती आधाराला घेतली.