पार्श्वभूमी : गोठ्यावरचा नायट्रोजन आणि सात वर्षांचा पोऱ्या

रावेर-यावलकडे गाय माजावर आली की डॉक्टर मोटारसायकलला नायट्रोजनचा कॅन बांधून गोठ्यावर येतो. झाकण काढलं की पांढरी वाफ, चिमट्यात गोठवलेल्या वीर्याची बारीक कांडी, ती कोमट पाण्यात धरायची, गाय भरली. कॅन्सरच्या उपचारांआधी लहान मुलांचं पुढचं बापपण जपून ठेवण्याची जी धडपड चाललीय, ती याच कॅनातून निघाली.

1949 साली इंग्लंडात ख्रिस्तोफर पोल्ज आणि सहकारी कोंबड्याचं वीर्य गोठवून पाहत होते. बाटल्यांच्या चिठ्ठ्यांचा घोळ झाला, साखरेच्या जागी ग्लिसरीन पडलं आणि शुक्राणू जगले. असा घोळ रोज व्हावा! 1953 मध्ये अमेरिकेत गोठवलेल्या मानवी वीर्यातून गर्भधारणा झाल्याचं जाहीर झालं.

गरज वाढली ती केमोथेरपीमुळे. 1960 च्या दशकात हॉजकिन या लसिकाग्रंथींच्या कॅन्सरचे रुग्ण चार औषधांच्या एकत्र माऱ्यानं बरे होऊ लागले, पण त्यांतल्या बहुतेक पुरुषांच्या वीर्यात शुक्राणूच उरले नाहीत. वयात आलेल्याचं वीर्य आधी काढून ठेवता येतं. सात वर्षांच्या पोऱ्याकडे शुक्राणू नसतातच, असतात त्या फक्त पुढे शुक्राणू बनवणाऱ्या मूळपेशी. म्हणून वृषणाचा छोटा तुकडा काढून उणे 196 अंशांवर ठेवायचा.

1994 मध्ये राल्फ ब्रिन्स्टर यांनी एका उंदराच्या अशा पेशी दुसऱ्यात रुजवून दाखवल्या. 2019 मध्ये गोठवलेल्या तुकड्यापासून माकडाचं पिल्लू जन्मल्याचं प्रसिद्ध झालं; तिचं नाव ग्रेडी. ब्रुसेल्समध्ये 2002 पासून मुलांच्या वृषणाचे तुकडे साठवताहेत, आणि 2025 मध्ये तिथे लहानपणी ठेवलेला तुकडा एका तरुणाला परत लावला गेला. तरी माणसात हे अजून प्रायोगिकच. त्यात रक्ताचा कॅन्सर असेल तर तुकड्याबरोबर रोगाच्या पेशीही परत जायची धास्ती.

आणि हे सगळं केमोच्या पहिल्या डोसाआधी ठरवायचं. भुसावळहून रात्रीची गाडी धरून मुंबईला टाटात पोहोचलेल्या बापाच्या हातात तेव्हा फाइल असते, रक्ताचे रिपोर्ट असतात, दादरच्या धर्मशाळेत जागा मिळेल का हा घोर असतो. तो म्हणतो, "पोऱ्या वाचू द्या भाऊ, मंग पाहू." त्याचं चुकतं असं मला वाटत नाही. पण समजावणाऱ्यानं दुसऱ्यांदा विषय काढला, की कृत्रिम रेतनाचा हिशेब पारावर मोठ्यानं सांगणारा हाच माणूस दाराकडे पाहतो आणि आवाज खाली आणतो, "गावात नका सांगू. पुढं याचं लगन जमवायचं आहे."